कवितेचं पोस्टर करायचंय? मग झाडाच्या चित्राला बंदी

'कवितेवर पोस्टर तयार करा' हा प्रकल्प आता बऱ्याच शाळांत दिला जातो. मुलं कॅनव्हा उघडतात, नाव मोठ्या अक्षरात टाकतात, एक निसर्गचित्र शोधून लावतात आणि कोपऱ्यात कवीचा फोटो. पोस्टर देखणं होतं, पण त्यासाठी कविता वाचावीच लागत नाही. रसग्रहण शिकवायचं असेल तर पहिला नियम हवा तो चित्रबंदीचा: फक्त आकार, रंग आणि कवितेतलेच शब्द वापरायचे.

बालकवींची 'औदुंबर' घ्या. आठच ओळी आहेत, आणि चित्र चिकटवायचा मोह हिच्यात सर्वांत मोठा.

सुरुवात गूगल शीटपासून करा. आठ ओळींसाठी आठ रांगा, दोन स्तंभ: रंग आणि क्रिया. कवितेत असलेला शब्दच भरायचा, मनाने काही घालायचं नाही. रंगांचा स्तंभ असा भरतो: हिरवाळी, निळासावळा, रिकामं, हिरवी, पांढरी, मग सहाव्या ओळीत हिरव्या आणि काळ्या असे दोन, सातवीत काळिमा, आठवी पुन्हा रिकामी. रिकाम्या चौकटी रिकाम्याच राहू द्या. मुलं तिथे हमखास काहीतरी भरतात, विशेषतः आठव्या ओळीत 'हिरवा' लिहितात. तिथेच थांबवून विचारा: कुठल्या शब्दावरून?

आता पट्ट्या. ए-फोर कागद उभा धरून आठ आडव्या पट्ट्या, प्रत्येकी 3 सेंटीमीटर. उरलेल्या 5.7 सेंटीमीटरमध्ये शीर्षक आणि कवितेच्या वाचनाचं छोटं टिपण. सहावी पट्टी डावीकडे हिरवी, उजवीकडे काळी. रंग नसलेल्या ओळींना नुसती चौकट.

मग जे दिसतं ते दहा वेळा समजावूनही वर्गाला इतकं लख्ख कळत नाही. हिरवा तीनदा येतो आणि सहाव्या ओळीनंतर पुन्हा येतच नाही. काळा सहाव्याच्या शेवटी शिरतो आणि सातवी व्यापून टाकतो. आणि ज्या झाडाला प्रत्येक मूल हिरवं रंगवतं, त्या औदुंबराला कवीने रंगच दिलेला नाही! क्रियांचा स्तंभ शेजारी ठेवा: झरा वाहतो, पायवाट चालली, काळिमा पसरी आणि शेवटी औदुंबर बसला. सगळी हालचाल त्या एका झाडापाशी येऊन थांबते. हे मुलांनी स्वतः शोधलेलं असतं, गाइडमधून उतरवलेलं नसतं.

काळ्या पट्टीवर मात्र घाई होते. 'काळा म्हणजे दुःख' हे उत्तर तयारच असतं. कवितेत 'गोड काळिमा' आहे, तेव्हा त्या 'गोड'चं काय करायचं ते टिपणात लिहायलाच लावा. उदासी म्हणा किंवा शांतता म्हणा, दोन्ही वाचनं चालतील, पण 'गोड' वगळून केलेलं वाचन अपुरं.

शब्दमोजणीची साधनं इथे फसवतात. व्हॉयंटसारख्या साधनात कविता टाकली तर हिरवाळी, हिरवी, हिरव्या हे तीन वेगळे शब्द मोजले जातात, प्रत्येकी एकदा. मराठीत प्रत्यय लागून शब्दाचं रूप बदलतं, ते साधन एकत्र करत नाही. म्हणून आधी हाताने गट करा. शब्दांच्या ढगाच्या (जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणाऱ्या चित्राच्या) भरवशावर राहिलात तर कवितेतला सर्वांत ठळक रंगच हरवेल. कविता टाकून एआयकडून चित्र काढून घेणं तर या कामात पूर्ण निरुपयोगी आहे, कारण ते रिकाम्या चौकटी आधी भरून टाकतं.

तांत्रिक अडचणी ठरलेल्या आहेत. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, ते शून्यच ठेवा. ओळींमधलं अंतर कमी असेल तर रफार आणि उकार एकमेकांवर चढतात, दीडपट ठेवा. मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट नीट चालतात. श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर बऱ्याचदा रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो, आठ ओळी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं सोपं. शाळेचा प्रिंटर काळा-पांढरा असेल तर हिरवा आणि निळा सारखेच करडे दिसतात, म्हणून हिरव्याला तिरप्या रेघा, निळ्याला ठिपके द्या. रंग ओळखायला त्रास होणाऱ्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो. पांढरी पट्टी पांढऱ्या कागदावर दिसत नाही, पार्श्वभूमी फिकट करडी घ्या.

गुण देताना सजावटीला झुकतं माप देऊ नका. 20 पैकी 10 टिपणाला, 6 तक्त्याच्या अचूकतेला, 4 मांडणीला. टिपण साधारण 60 शब्दांचं, त्यात कवितेतले किमान तीन शब्द अवतरणात हवेत.

संगणक नसेल तर घोटीव कागद, कात्री आणि खळ. तक्ता फळ्यावर. 40 मिनिटांच्या दोन तासिका पुरतात: पहिली पूर्ण तक्त्याला, दुसरी पट्ट्यांना, आणि टिपण घरी.