त्या आठ जणांना दोष देण्याआधी

नानावटी खटल्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ज्युरी भावनेच्या भरात वाहून गेली, म्हणूनच आपल्याकडे ज्युरी बंद झाली." खरं सांगते, मला याचा राग येतो.

27 एप्रिल 1959. बायकोने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदलातले कमांडर कावस नानावटींनी तिला आणि मुलांना मुंबईच्या मेट्रो थिएटरवर सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि आहुजाचं घर गाठलं. तिथे तीन गोळ्या सुटल्या. सत्र न्यायालयात नऊ सामान्य नागरिकांच्या ज्युरीने 8 विरुद्ध 1 असा कौल दिला: खून नाही, सदोष मनुष्यवध (खुनाहून कमी गंभीर गुन्हा) तोही नाही. न्यायाधीश रतिलाल मेहतांना तो मान्य नव्हता. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं.

उच्च न्यायालयाने कौल अवाजवी ठरवला आणि नानावटींना खुनासाठी जन्मठेप दिली, हे खरंच. पण बोट आधी ठेवलं ते मेहतांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनावर. बचाव असा होता की झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या. अपघात म्हणायचा, तर तो शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम 105 तसं सांगायचं. नऊ साध्या माणसांना ही गोष्ट समजावणं न्यायाधीशांचं काम होतं, आणि नेमकी तीच राहून गेली. हा तांत्रिक किस काढणं नव्हे. आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता आणि मेला तेव्हाही टॉवेल कमरेलाच होता. 'अपघात नव्हता हे सरकारने दाखवावं' असं मनात धरून बसलात, तर टॉवेलचं काय एवढं, असं वाटू शकतं. 'अपघात होता हे नानावटींनी दाखवावं' असं कुणी बजावलं असतं, तर त्याच टॉवेलने झोप उडवली असती.

आणि बाहेर काय चाललं होतं? संपादक करंजियांचं 'ब्लिट्झ' साप्ताहिक उघडपणे नानावटींची बाजू लढवत होतं. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' विकले जात होते. असल्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसांकडून कोऱ्या मनाची अपेक्षा करायची, तर त्यांना कायदा दुप्पट काळजीने सांगायला हवा होता.

24 नोव्हेंबर 1961 ला सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. अचानक भडकलेल्या रागात झालं, म्हणून हा फार तर सदोष मनुष्यवध, हा युक्तिवादही टिकला नाही. दीडला घर सोडलं, गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. डोकं ताळ्यावर यायला एवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाने म्हटलं. मला ते पटतं. 1964 मध्ये राज्यपालांनी माफी दिली, तो वेगळा विषय.

हा देशातला शेवटचा ज्युरी खटला होता, हेही खरं नाही. काही ठिकाणी ज्युरी पुढेही बसत राहिली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. आठ जणांना भाबडं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की ज्या नवव्याने नानावटींना दोषी धरलं, त्यानेही तेच अपुरं मार्गदर्शन ऐकलं होतं. त्याच्याबद्दल कुणी कधी विचारत नाही.