फोर्ट कोचीला 'युरोपियन गाव' म्हणू नका

एक मेसेज सारखा फिरतोय, 'फोर्ट कोची म्हणजे युरोपियनांनी वसवलेलं गाव, ख्रिश्चन धर्मही त्यांनीच आणला, शेजारच्या मट्टनचेरीत एक डच पॅलेस आणि दुकानं, अर्ध्या दिवसात उरकतं'. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डच पॅलेस. नाव डच, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, कोचीच्या राजाला भेट म्हणून, डचांनी नंतर डागडुजी केली एवढंच. आत गेलात की मधे चौक, चौकात पळयन्नूर भगवतीचं देऊळ, राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण. चौसोपी वाडाच की हा!

ख्रिश्चन धर्माचं तर साफ चूक आहे. येशूच्या शिष्य थॉमसशी आपलं नातं सांगणारे सेंट थॉमस ख्रिश्चन पोर्तुगीजांच्या कितीतरी शतकं आधीपासून केरळात होते, आणि पोर्तुगीज त्यांच्यावर आपली पद्धत लादायला लागले तेव्हा १६५३ साली ह्याच मट्टनचेरीत त्या लोकांनी क्रॉससमोर शपथ घेतली की जेझुइट पाद्र्यांचं ऐकणार नाही. क्रॉसला दोर बांधून सगळ्यांनी तो धरला होता असं सांगतात.

आता 'दुकानं'. ज्यू टाऊनच्या गल्लीत दुकानं आहेत, मान्य, पण गल्ली संपते तिथे १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, राजाने आपल्या वाड्याला लागून दिलेल्या जागेवर. चपला बाहेर काढायच्या, मग पायाखाली चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, गार लागतात. जरा थांबून एकेक फरशी बघा. पण सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असंही नाही हं, मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना इथे बाकावर बसू देत नव्हते, त्यासाठी त्यांच्यातल्याच ए. बी. सालेम या वकिलांना देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्येच, सत्याग्रह करावा लागला.

आणि मराठी माणसाने मट्टनचेरीतलं चेर्लाई तरी चुकवू नये! पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडलेले गौड सारस्वत इथे येऊन राहिले, त्यांचं तिरुमल देवस्वम हे देऊळ इथलंच. मल्याळम कानावर पडत असताना मधेच दोन आज्या कोकणीत बोलताना ऐकल्या आणि मी रस्त्यातच थांबलो, अर्धंअधिक कळत होतं मला.

तर अर्धा दिवस कुठून पुरणार, दोन दिवस ठेवा, मट्टनचेरीत पायी फिरा, आणि शुक्रवार-शनिवार टाळा, शुक्रवारी पॅलेस बंद असतो आणि शनिवारी सिनेगॉग.