निरीक्षण गृहात शिकवायला कोण जातं?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. जर्मनीत बसून ती बातमी वाचताना मलाही संताप आला. पुढे मुलाची रवानगी निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असलेल्या मुलांना ठेवतात तिथे, झाली; जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. त्या संतापातून निघालेली मागणी मात्र घरच्या ग्रुपवर अजून येत असते: प्रौढ धरायचं वय खाली आणा, मोठ्यांच्याच तुरुंगात टाका, लाड पुरे झाले.

ही मागणी मला मान्य नाही. इथल्या तरुणांच्या तुरुंगात मी स्वयंसेवक म्हणून गणित शिकवते, आणि लाड म्हणावं असं तिथे काहीच दिसत नाही.

मुलं सोळा-सतराची असतात, पण अपूर्णांकाशी येऊन अडतात. शाब्दिक उदाहरण दिलं की एखादा वही ढकलून देतो, शिवी घालतो. बऱ्याचदा त्याला ते उदाहरण वाचताच आलेलं नसतं आणि तसं चारचौघांत कबूल करण्यापेक्षा भांडण सोपं वाटतं. अशा वेळी बाजूला बसून हळू आवाजात वाचून दाखवायचं, पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी पुन्हा हजर व्हायचं. गुन्हा कोणता, हे मी विचारत नाही. त्याचा हिशेब न्यायालयाने मांडलेला असतो, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांचं दुःख माझ्या शिकवण्याने कमी होत नाही. पण हा मुलगा बाहेर येणारच आहे. तो कसा येतो, याच्याशी आपल्या सगळ्यांचा संबंध आहे.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं नाही. सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण इथेही मोठं आहे. २०२३ मध्ये फ्रॉइडेनबर्गला १२ आणि १३ वर्षांच्या दोन मुलींनी आपल्या ओळखीच्या मुलीला ठार मारलं, तेव्हा वय खाली आणा हीच ओरड झाली; कायद्याने शिक्षेचं किमान वय १४ च ठेवलं. अठरा ते वीस वर्षांच्या मुलालासुद्धा न्यायाधीश किशोरांचा कायदा लावू शकतात. म्युनिक, ड्रेस्डेनमध्ये छोट्या गुन्ह्यांसाठी न्यायालय पुस्तक वाचायला सांगतं, आणि त्यावर त्या मुलाशी बोलायला माणूस नेमलेला असतो. दोन मृत्यूंना हे उत्तर नव्हे. पण पुण्याचा तो निबंध वाचून त्या मुलासमोर कोण बसणार होतं, हे आपल्या चर्चेत कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

इथला आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो. तुरुंगात परीक्षा पास झालेल्याच्या प्रमाणपत्रावरून तो कैदेत होता हे कळता कामा नये.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही याच दिशेचा आहे. मुलाची ओळख उघड करायला त्यात बंदी आहे, आणि दोषी ठरल्यामुळे त्याच्यावर एरवी अपात्रतेचा शिक्का बसत नाही. अपवाद आहे तो निर्घृण गुन्ह्यातल्या सोळा-अठराच्या मुलांचा, ज्यांच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवता येतो. हे दार आणखी उघडलं तर महागड्या गाडीतल्या मुलासाठी मोठे वकील उभे राहतील; आत राहील तो ज्याच्यासाठी कुणीच उभं राहत नाही.

टिळक-आगरकर १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. दोघेही तेव्हा शिक्षक होते. त्याच आवारात आज मुलांचं निरीक्षण गृह आहे. अशा गृहांत शिक्षकांची किती पदं भरलेली आहेत, वर्ग रोज भरतो का, हे आमदारांनी विधानसभेत विचारावं. चौकशी चार महिन्यांत संपवावी असं कायदा सांगतो, म्हणजे मूल फार काळ हाताशी नसतं. म्हणून दाखल झाल्याच्या आठवड्यातच त्याला वाचता येतं का हे बघावं, दहावी राहिली असेल तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरून द्यावा, गुणपत्रिकेवर गृहाचं नाव येऊ देऊ नये. आणि सुटल्यावरही परीक्षेपर्यंत त्याच शिक्षकाने त्याला शिकवावं, त्याचे पैसे सरकारने द्यावेत.