आरसा नाही म्हणून शार्प? जुन्या रेंजफाइंडरबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला, एकाने तर दोनदा. मजकूर थोडक्यात असा: डिजिटल विका आणि जुना रेंजफाइंडर (अंतर मोजून फोकस करायचा फिल्म कॅमेरा) घ्या. त्यात आरसा नाही, म्हणून तो एसएलआरपेक्षा (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यापेक्षा) शार्प. सगळं यांत्रिक, म्हणून बॅटरी नको आणि बिघाडही नाही. रशियन झोर्की-फेड कॅमेरे म्हणजे नामांकित जर्मन लाइकाच, फक्त शिक्का वेगळा. स्क्रूसारख्या आट्यांची कुठलीही लेन्स त्यावर बसते. लेन्समध्ये बुरशी असली तर घाबरू नका, उलट ‘व्हिंटेज लुक’ येतो. आणि एफ नंबर (लेन्सचं भोक किती उघडतं त्याचा आकडा; आकडा लहान तर भोक मोठं) जितका लहान तितका कॅमेरा भारी. शेवटी हात जोडलेले चार इमोजी आणि ‘कलामहर्षी बाबुराव पेंटरांच्या कोल्हापूरचा फोटो फिल्मवरच पाहिजे!’

शेवटच्या ओळीशी माझं भांडण नाही. पण ज्या गावात बाबुरावांसारख्या माणसाने स्वतः खपून देशी कॅमेरा घडवला, त्या गावात फोनवरचे चार फोटो बघून कॅमेरा घ्यायचा, हे काही पटत नाही. मी दहाएक वर्षं रेंजफाइंडर वापरतोय. त्यात तीन स्वतःच्या हाताने बिघडवले, म्हणून हा खटाटोप.

आधी आरशाचं. आरसा नसल्याचे फायदे खरे आहेत. आवाज कमी, हादरा कमी, बटण दाबताना डोळ्यासमोर अंधार होत नाही. हात स्थिर असेल तर १/१५ सेकंदालाही फोटो निघतो. पण हे झालं कॅमेरा हलण्याबद्दल. समोरचा माणूस हलत असेल तर आरसा असो नसो, सारखंच. तालमीत १/३० ला काढलेल्या माझ्या फोटोंत भिंतीवरचा मारुती कोरल्यासारखा आलाय आणि पैलवान म्हणजे तांबड्या मातीवरचं धुकं.

शार्पनेसचा खरा प्रश्न वेगळाच आहे. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. जे धूसर दिसतं ते धूसर येतं. रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून कुणीच बघत नाही. समोर दोन खिडक्या असतात. एकीतून सरळ दृश्य, दुसरीतून आरशाने वळवून आणलेलं. मध्ये अर्धपारदर्शक काच, तिच्यावर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर पडतात. लेन्स फिरवली की मागे एक दांडी सरकते, दांडी आरसा किंवा प्रिझम फिरवते आणि खिडकीच्या मधल्या छोट्या ठिपक्यातल्या (यालाच पॅच म्हणतात) दोन प्रतिमा एक होतात. म्हणजे कॅमेरा तुम्हाला फोकस दाखवत नाही, अंतर मोजून सांगतो. सांगण्यात चूक असेल तर पॅच सुंदर जुळलेला दिसेल आणि फोटो बाद निघेल. पहिली लाइका १९२५ साली बाजारात आली तेव्हा तिच्यात ही सोयच नव्हती. अंतर अंदाजाने धरायचं किंवा वेगळं उपकरण वर लावून मोजायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला १९३२ च्या लाइका टू मध्ये.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, माझ्या काकांचं लेथचं वर्कशॉप आहे. फोटोतलं त्यांना काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पहिला रेंजफाइंडर मी त्यांच्याकडे नेला तो अडकून बसलेला एक स्क्रू काढायला. त्यांनी चष्मा वर केला, दांडी बोटाने मागेपुढे केली, खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, “आरं, हे माप घ्यायचं यंत्र हाय की. कॅमेरा मागनं.” मेसेजच्या सगळ्या मुद्द्यांना माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. तुम्ही घेताय ते साठ वर्षं वापरलेलं मोजमापाचं उपकरण. व्हर्निअर (जबड्यात धरून बारीक माप घ्यायची पट्टी) घेताना कंपनीचं नाव बघून कुणी थांबत नाही, जबडे मिटवून शून्य येतं का ते बघतो.

या यंत्राचं शून्य म्हणजे अनंत. लेन्स अनंतावर ठेवायची आणि लांबची उभी, कडा ठळक असलेली वस्तू बघायची. मी रंकाळा तलावाच्या अलीकडच्या काठावरून पलीकडचा शालिनी पॅलेसचा मनोरा बघतो. दोन मनोरे दिसले तर यंत्र चुकलंय. दोन प्रतिमा वर-खाली सरकलेल्या असतील तर बघायला त्रास होतो, पण मापात चूक नसते. आडव्या दिशेने सरकल्या असतील तर मात्र चूक आहे. पॅच दिसतच नसेल तर अर्धपारदर्शक काचेवरचा मुलामा गेलाय. तो कापसाने पुसू नका, उरलासुरलाही निघून येतो. बाहेरून व्ह्यूफाइंडरच्या खिडकीच्या मध्यावर काळ्या टेपचा बारीक तुकडा लावला की पॅच उठून दिसतो. तात्पुरता इलाज, पण चालतो.

जवळची तपासणी जास्त महत्त्वाची आणि ती कुणीच करत नाही. रोल घालायच्या आधी मागचं झाकण उघडा. फिल्म जिथे सपाट बसते त्या पट्ट्यांवर धूसर चिकटपट्टी ताणून लावा. शटर ‘बी’ वर (बटण दाबून धरलं तोवर उघडं राहायची सेटिंग), केबलने उघडं धरलेलं; अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडं. मग चिकटपट्टीवर उलटी प्रतिमा दिसते. ती बघायला मी गुजरीतल्या सोनार मित्राचं डोळ्याला लावायचं भिंग आणलं होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर पेपर तिरका ठेवला, फिल्मच्या जागेपासून मोजून एक मीटरवर. पॅच जुळवला मधल्या ओळीवर. भिंगातून बघितलं तर स्पष्ट दिसत होती तिच्या चार बोटं मागची ओळ. त्या कॅमेऱ्यावर मी तोवर सहा रोल काढले होते. घरातल्या सगळ्यांची नाकं धूसर आणि कान स्पष्ट का, याचा उलगडा ओट्यावर झाला. काकांनी घड्याळजीच्या पेचकसाने दुरुस्ती केली, तासभर लागला; कारण जवळचं माप बसवलं की अनंताचं हलतं, ते बसवलं की पुन्हा जवळचं बघावं लागतं.

आता ‘यांत्रिक म्हणून बॅटरी नको’. हे कॅमेऱ्यागणिक बदलतं आणि मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच. झोर्की-४ ला बॅटरी लागत नाही, कारण त्यात लाइट मीटरच नाही. कॅननेट क्यूएल१७ जी-थ्री (१९७२ चं मॉडेल) बॅटरीशिवाय सगळे वेग देतो, फक्त मीटर चालत नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ चं मात्र नावच इलेक्ट्रो आहे. त्याच्या शटरचा वेग वीज ठरवते. बॅटरी काढली की एकच वेग उरतो, १/५००. संध्याकाळी महाद्वार रोडवर १/५०० घेऊन काय करणार?

बॅटरीतही मेख आहे. हे कॅमेरे पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनले, त्या आता मिळत नाहीत. कॅननेटला १.३५ व्होल्टची लागायची. तिच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळवंडलेले येतात. कानाच्या मशीनच्या दुकानात ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी मिळते, ती १.४ व्होल्टची. कागदी किंवा रबरी कडं घालून बसवायची. स्टिकर काढल्यावर ती दोनेक महिन्यांत संपते, पण स्वस्त आहे. याशिकाला मूळ ५.६ व्होल्ट लागतात; अडॅप्टर घालून ६ व्होल्टची चालते.

आणि यांत्रिक म्हणजे बिघाड नाही, हे उद्यमनगरात कुणाला सांगून बघा! ग्रीस सुकतं, शटरच्या पात्यांवर तेल येतं, १/५०० लिहिलेला वेग प्रत्यक्षात निम्म्यावर आलेला असतो. झाकणाच्या कडेचा फोम विरघळून डांबर होतो. कापडी पडद्याचं शटर असलेल्या कॅमेऱ्याला तर एक खास शाप आहे. मध्ये आरसा नसल्यामुळे, टोपण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला तर लेन्स भिंगासारखं काम करते आणि पडद्याला भोक पाडते. मग प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका. झोर्कीत आधी फिल्म पुढे घेऊन शटर भरायचं आणि मगच वेगाची चकती फिरवायची. मी एकदा उलटं केलं. आतून कट्ट असा आवाज आला आणि पुढचे तीन महिने कॅमेरा शोकेसमध्ये होता.

‘झोर्की म्हणजे लाइकाच’ यात अर्धं सत्य आहे. आताच्या युक्रेनमधल्या खार्किवच्या कारखान्याने १९३४ पासून लाइका टू ची नक्कल ‘फेड’ नावाने काढली. झोर्की १९४८ साली मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला सुरू झाला. आटे तेच: व्यास ३९ मिलिमीटर, इंचाला २६. काका म्हणतील, आटे जुळले म्हणजे पार्ट जुळला असं नाही. लेन्सचा बसायचा कठडा आणि फिल्म यांत २८.८ मिलिमीटर अंतर असावं लागतं. युद्धाआधीच्या फेडमध्ये ते एकसारखं नव्हतं. कॅमेऱ्याला त्याचीच लेन्स जुळवून दिलेली असायची. म्हणून लेन्स बदललेला जुना फेड घेऊ नये. त्याहून मोठा घोटाळा झेनिटचा. जुन्या झेनिट एसएलआरच्या लेन्सलाही ३९ मिलिमीटरचेच आटे आहेत, पण ती ४५.२ मिलिमीटरसाठी बनलेली. झोर्कीवर ती छान फिरून बसते आणि एकही गोष्ट स्पष्ट येत नाही. एका मित्राने अशी लेन्स ‘रेंजफाइंडरला चालेल’ असं वाचून घेतली. आता ती पेपरवेट आहे. दिसते मात्र झकास.

ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटर एफ/२ लेन्स माझी लाडकी आहे. मूळ रचना जर्मन झाइस कंपनीच्या ‘सोनार’ नावाच्या लेन्सची. झोर्कीवर ती सुखाने नांदते. तीच लाइकावर लावली तर पूर्ण उघड्या अपर्चरला, जवळच्या अंतरावर फोकस थोडा सरकू शकतो. एफ/८ वर ते झाकलं जातं. शिवाय झोर्की-४ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीच्या रेषा नाहीत, जवळून काढताना डोकी कापली जातात. फेड-२ च्या दोन खिडक्यांतलं अंतर ६७ मिलिमीटर, झोर्की-४ च्या ३८. खिडक्या जितक्या लांब तितकं माप बारीक. म्हणून हातात दोन्ही सारखेच ठीक असतील तर मी फेड-२ घेईन, दिसायला कितीही ओबडधोबड असला तरी.

सोनेरी, गरुडाचा शिक्का असलेली ‘युद्धकाळातली जर्मन लाइका’ कुणी स्वस्तात देत असेल तर लेन्स काढून आत बघा. लाइकात दांडीच्या टोकाला छोटं गोल चाक असतं. तिथे पाचरीसारखं टोक दिसलं तर तो रंग दिलेला फेड किंवा झोर्की.

बुरशीबद्दल लांबण लावत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, तेवढ्याला घाबरू नका. आतली धुरकट साय मात्र सगळा काँट्रास्ट खाते. टॉर्च मागून मारून बघा, सरळ बघून कळत नाही. आणि बुरशी जिवंत असते. काचेवरचा मुलामा ती कायमचा खाते. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये तिला फार काही करावंच लागत नाही. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका. कोल्हापुरात राहून चामड्याविरुद्ध बोलणं जिवावर येतं, पण चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बरं. गुलालाचंही ऐका: जोतिबाच्या चैत्र यात्रेत उघडा कॅमेरा नेलात तर लेन्सच्या आट्यांत तो वर्षभर पुरतो. माझी फोकस रिंग अजून करकरते.

राहिला लहान एफ नंबर. ४५ मिलिमीटरची लेन्स, एफ/१.७, एक मीटर अंतर: स्पष्ट भाग जेमतेम पाच सेंटिमीटर. एवढं अचूक माप साठ वर्षांच्या यंत्राकडून मागायचं, तेही आपण डुलत उभे असताना. उलट एफ/८ ठेवा, अंतर तीन मीटरवर लावा; सव्वादोनपासून साडेचार मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं येतं आणि पॅचकडे बघावंही लागत नाही. ४०० आयएसओचा रोल, भर ऊन, १/५०० आणि एफ/१६. पंचगंगेच्या घाटावर सकाळी दहानंतर मीटर लागतच नाही. तिथे एफ/२.८ ची इंडस्टार-६१ लेन्स तेवढंच काम करते. एफ/१.७ साठी जादा पैसे द्यायचे तर तालमीसाठी, लग्नाच्या मांडवासाठी द्या, आणि आधी ओट्यावर पेपर ठेवून बघा.

मेसेज दोनदा पाठवणारा तो मित्र आता एक कॅमेरा घ्यायला निघालाय. जाहिरातीत बाहेरून काढलेले अकरा फोटो आहेत, पट्ट्याचासुद्धा एक. मी त्याला म्हटलं, “भावा, विकणाऱ्याला एकच सांग. लेन्स अनंतावर ठेव, व्ह्यूफाइंडरला मोबाइल लाव आणि लांबच्या टॉवरचा फोटो काढून पाठव.” त्याने लगेच विचारलं. सोमवारी दोन निळ्या टिका आल्या. फोटो अजून यायचाय.