दोन दिवसांत तंजावर बघून होतं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चेन्नईत राहून शनिवार-रविवारी केलेल्या भटकंतीवरचे माझे लेख तुम्ही सलग वाचलेत आणि मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. दोन दिवसांत देवळं उरकण्याला प्रवास म्हणू नये. तमिळ मुलखात जाऊनही मी सारख्या मराठी खुणा शोधते. आणि हॉटेलं, भाडी, खर्च यांची माहिती देत नाही. शिवाय डिसेंबरात आईवडिलांना घेऊन चार दिवसांत महाबलीपुरम ते कन्याकुमारी करावं का, असंही विचारलंत.

हॉटेलांचे दर हंगामागणिक बदलतात. ते फोन करून विचारलेले बरे, म्हणून लिहीत नाही.

घाईचं म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. ज्याला पुन्हा यायला मिळणार नाही, त्याला घाई असते. पुण्याहून आठवड्याची रजा काढून आलेल्या माणसाला एका दिवसात कांची आणि महाबलीपुरम दोन्ही बसवावं लागतं. त्यात त्याचा दोष नाही. पण चेन्नईत राहणाऱ्याला कांचीपुरम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. सकाळच्या बसने जावं, फक्त कैलासनाथाचं देऊळ बघावं. आठव्या शतकात राजसिंह पल्लवाने बांधलेलं हे देऊळ वालुकाश्माचं आहे. प्रांगणाच्या भिंतीला लागून छोट्या छोट्या देवळांची रांग आहे आणि काहींत जुन्या रंगांचे तुकडे अजून टिकून आहेत. त्या रांगेपुढून सावकाश चालायलाच सकाळ लागते. दुपारी देऊळ बंद झालं की मेसमध्ये केळीच्या पानावर जेवावं आणि घरी यावं. एकांबरेश्वराचं देऊळ पुढच्या खेपेला, वरदराजाचं त्याच्या पुढच्या. अर्धं गाव न बघता परत येण्याची चैन मुक्काम इथे असला तरच परवडते.

इथलं वर्षही तसंच हळूहळू कळतं. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर देवळाच्या दगडी फरशीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात पहाटेच निघायचं. पौर्णिमेला गिरिवलमसाठी, म्हणजे डोंगराच्या प्रदक्षिणेसाठी, लोक तिरुवण्णामलैला लोटतात. त्या दिवशी तिंडिवनमहून जिंजीकडे जाणाऱ्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते. ऑक्टोबरपासून ईशान्येकडचा पाऊस. हे सगळं मला शेजाऱ्यांनी आणि बस कंडक्टरांनी शिकवलं.

आता मराठी खुणांबद्दल, कारण हा आक्षेप मला खरोखर लागला. तंजावरचं बृहदीश्वर राजराज चोळाचं आहे, 1010 साली पूर्ण झालेलं, आणि माझ्या लेखात आधी तेच आहे. तिथल्या कोरीव लेखांत चारशे नर्तकींची नावं, कोण कुठल्या देवळातून आली आणि कुठल्या रस्त्यावरच्या कितव्या घरात राहते, इतकं नोंदवलेलं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या बायकांचे पत्ते! पण त्याच आवारात सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून 1855 पर्यंत, जवळपास एकशेऐंशी वर्षं, तिथे मराठ्यांचं राज्य होतं. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. तमिळनाडूत आजही अशी कुटुंबं आहेत, ज्यांच्या घरात तमिळ वळणाची मराठी बोलतात. ती मंडळी तमिळ मुलखातलीच आहेत. त्यांना वगळून लिहिलं, तर तंजावरच अपुरं राहील.

जिंजीचंही तेच. शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये घेतलेला हा किल्ला राजाराम महाराजांची राजधानी झाला आणि मोगलांच्या वेढ्याला 1698 पर्यंत पुरून उरला. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. त्यातली राजगिरी टेकडी चढताना मला आपलं काही सापडल्याचा आनंद झाला, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

शिवाय या शोधात आपण दक्षिणेचं काय देणं लागतो तेही दिसतं. कांचीच्या त्याच कैलासनाथात मंडपातल्या एका खांबावर कानडी लेख आहे. चालुक्य विक्रमादित्य दुसरा याने कांची जिंकली, देवळाची संपत्ती पाहिली आणि लुटण्याऐवजी देवालाच परत दिली, असं तो सांगतो. या विजयाच्या स्मरणार्थ त्याच्या राणीने कर्नाटकात पट्टदकलला कांचीच्याच धर्तीवर विरूपाक्षाचं देऊळ उभारलं, आणि वेरूळचं कैलास लेणं त्याच वळणावर आहे असं अभ्यासक मानतात. वेरूळ मी लहानपणापासून बघत आले. त्याचं मूळ इतकं दक्षिणेला जातं हे मला कांचीत उभं राहिल्यावर उमगलं.

आता तुमचा बेत. चार दिवसांत कन्याकुमारी नको, आईवडिलांचे हाल होतील. एक दिवस महाबलीपुरमला द्या. तिथे फारसा चढ नाही. मग रात्री चेन्नईहून उळवन एक्स्प्रेसने तंजावर. सकाळी देऊळ, दुपारी ते बंद असताना राजवाडा आणि सरस्वती महाल, संध्याकाळी दगडावर तिरपं ऊन येतं तेव्हा पुन्हा देऊळ. दुसऱ्या दिवशी कुंभकोणम आणि त्याला लागून असलेलं दारासुरमचं चोळकालीन देऊळ. वडिलांना उत्साह असेल तर गंगैकोंडचोळपुरमचं चोळांचं देऊळही जमेल. जिंजीच्या पायऱ्या त्यांना चढायला लावू नका, तिथे तुम्ही एकटे कधीतरी या. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा धरा: पाऊस ओसरायला लागतो आणि मार्गळी हा तमिळ महिना सुरू झालेला असल्याने देवळं पहाटे नेहमीपेक्षा लवकर उघडतात. नाताळच्या सुट्टीत रात्रीच्या गाड्या भरून जातात. खालचे बर्थ हवे असतील तर आरक्षण उघडल्या उघडल्या तिकिटं काढा.