एनसी घेऊन घरी जा, म्हणजे नक्की काय करा?

घरगुती हिंसाचाराचा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात कायदे कडक करा. अहो कायदा आहे की. २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि वाचायला बसलात तर बऱ्यापैकी चांगला आहे. घोडं अडतं ते पोलीस स्टेशनच्या त्या पहिल्या टेबलावर.

ओळखीतल्या एका बाईंसोबत मध्यंतरी पोलीस स्टेशनला गेले होते. कुठलं ते सांगत नाही. त्यांच्याकडे साडीच्या दुकानाच्या पिशवीत रेशनकार्डासोबत घडी घातलेल्या जुन्या एनसीच्या (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिच्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत) कॉप्या होत्या, प्रत्येक वेळी ड्युटीवर वेगळा अंमलदार, पण मजकूर जवळपास तोच, शिवीगाळ, हाताबुक्क्यांनी मारहाण, धमकी, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली. पूर्वी कलमं ३२३, ५०४, ५०६ असायची, आता न्याय संहितेत ११५(२), ३५२, ३५१ झाली, बाकी काही बदललं नाही. आता गंमत बघा, ही कलमं पार्किंगवरून दोन अनोळखी माणसं भांडली तरी लागतात. मारणारा नवरा आहे, त्याच घरात राहतो, आज रात्री ही बाई परत तिथेच झोपणार आहे, हे त्या कलमांमधून कळतच नाही. नवऱ्याच्या क्रूरतेसाठी वेगळं कलम आहे ना, आधीचं ४९८अ, आता ८५, आणि बाईने स्वतः तक्रार दिली तर ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो. पण ते लावायचं म्हणजे काम वाढतं. म्हणून मग "ताई, संसार आहे, भांड्याला भांडं लागणारच, तुमच्या साहेबांना बोलावून समज देतो".

समज! मार खाणारीलापण समज आणि मारणाऱ्यालापण समज.

पोलिसांची बाजू मला माहीतच नाही असं नाही. माणसं कमी, बंदोबस्त सतत, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर ४९८अ मध्ये सरसकट अटक करता येत नाही हे खरंच आहे. पण २००५ च्या कायद्यात सुरुवातीला अटकेचा प्रश्नच येत नाही हो! तो दिवाणी स्वरूपाचा आहे, तिला घरातून बाहेर काढू नको, तिच्या जवळ जाऊ नको, खर्चाला पैसे दे असे आदेश मॅजिस्ट्रेट देतो, गरज असेल तर समोरच्याला न ऐकता अंतरिमसुद्धा देतो. अटकेची वेळ येते ती त्याने आदेश मोडला तर. आणि कलम ५ सांगतं की तक्रार घेऊन आलेल्या बाईला हे सगळं सांगणं पोलिसांचं कर्तव्य आहे, संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला अधिकारी) कोण, मोफत वकील मिळतो, वेगळी फौजदारी तक्रारपण करता येते, सगळं. त्या दिवशी आम्हाला यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की एनसी लिहिताना आरोपी फिर्यादीचा कोण लागतो हा रकाना ठळक असावा, नवरा किंवा सासरचं कोणी असेल तर तो कागद त्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्याकडे जावा, तिथे घटना अहवाल बनावा, आणि त्याच पत्त्यावरून दुसऱ्यांदा एनसी आली तर वरच्या साहेबांनी ती स्वतः बघितलीच पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरतं.

आता संरक्षण अधिकारी म्हणाल तर तिथेही आनंदच. कित्येक ठिकाणी दुसरं काम सांभाळून हा चार्ज. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जिथे नाहीत तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर सहा आठवड्यांत नेमा, म्हणजे कायदा लागू होऊन साडेअठरा वर्षं झाल्यावर!

होतं मात्र, करायचं ठरवलं तर होतं. मुंबईत पोलिसांच्याच आवारात टिसने (टाटा समाजविज्ञान संस्था) १९८४ मध्ये महिलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, समाजकार्य शिकलेली माणसं तिथे बसतात. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत संस्थेने हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेलं दिलासा केंद्र पंचवीसेक वर्षांपासून चालू आहे. हे फार शहाणपणाचं वाटतं मला, कारण पोलिसात न जाणारी बाई टाके घालायला तरी हॉस्पिटलला येते, आणि "बाथरूममध्ये घसरले" म्हणाली की नर्सला जखमेवरून कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुठे मदत मागितली होती. म्हणजे जी पोलीस स्टेशनची पायरी चढते ती आधीच शंभरातल्या त्या चौदाजणींपैकी असते आणि तिला आपण कोर्टात जा म्हणून कागद देतो.

अजून एक. २००५ च्याच कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याने विनाकारण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाप्रमाणे काम केलं नाही तर एक वर्ष कैद होऊ शकते. पण कलम ३४ म्हणतं त्यासाठी राज्य सरकारची किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. महाराष्ट्रात अशी परवानगी आजवर किती वेळा दिली गेली हे कोणी माहिती अधिकारात विचारलं असेल तर उत्तर इथे टाका. नसेल विचारलं तर अर्ज मी करते, मसुदा बघायला कोणी वकील मित्र-मैत्रीण तयार असेल तर इनबॉक्स करा.

(आणि हो, सरकारी मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही, १९८७ चा कायदा आहे. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे जायचं. तातडीला ११२, सल्ल्याला १८१.)