पब्लिक एनिमी नंबर वन : हे ठरवणार कोण?

१९३०च्या दशकातला अमेरिकन बँक दरोडेखोर जॉन डिलिंजर याचं नाव निघालं की 'पब्लिक एनिमी नंबर वन' हे बिरूद मागोमाग येतंच. पण ते मुळात पोलिसांचं नव्हे. १९३० साली शिकागो क्राइम कमिशन या नागरिकांच्या संस्थेने २८ गुंडांची यादी जाहीर केली, सगळ्यात वर अल कपोन. शहरातली यंत्रणा पोखरलेली होती, निदान चारचौघांत नाव घेऊन तरी यांना उघडं पाडावं, हा हेतू. तो मला पटतो.

१९३४ मध्ये तेच हत्यार वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने उचललं, आणि माझा आक्षेप तिथे आहे. बँक लुटणं तोवर राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा होता. मार्चमध्ये डिलिंजर इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला, तोही शेरीफचीच गाडी घेऊन, आणि हद्द ओलांडून इलिनॉयमध्ये शिरला. चोरीची गाडी दुसऱ्या राज्यात नेणं हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला गुन्हा. केंद्रीय तपास संस्थेचा (पुढची एफबीआय) प्रमुख हूवर, त्याच्या माणसांना कायद्याने दार उघडलं ते या गाडीमुळे! मे महिन्यात बँक दरोड्याचा फेडरल कायदा आला, जूनमध्ये एजंटांना शस्त्रं बाळगायची मुभा मिळाली, आणि त्याच जूनमध्ये डिलिंजर 'नंबर वन' झाला. २२ जुलैला शिकागोत बायोग्राफ थिएटरबाहेर त्याला गोळ्या घातल्या. मग तो नंबर प्रिटी बॉय फ्लॉइडला, मग बेबी फेस नेल्सनला. नोव्हेंबर सरायच्या आत तिघेही संपले.

डिलिंजर गरिबांचा कैवारी नव्हता. बँका बुडून ज्यांची पुंजी गेली त्यांना तो तसा वाटला असेल, पण ईस्ट शिकागोच्या दरोड्यात एक पोलिस मारला गेला आणि त्या खुनाचा आरोप त्याच्यावरच होता. तरीही आरोपीला देशाचा शत्रू ठरवायचं काम कोर्टाचं, तपास करणाऱ्यांचं नव्हे.

याची सगळ्यात वाईट किंमत मोजली ती बार्कर या दरोडेखोर टोळीतल्या मुलांच्या आईने, मा बार्करने. जानेवारी १९३५ मध्ये फ्लोरिडातल्या ओक्लावाहा गावी, तळ्याकाठच्या भाड्याच्या घराला एजंटांनी वेढा घातला. काही तास गोळीबार चालला. आत मुलगा फ्रेड आणि साठी उलटलेली त्याची आई, दोघेही मेले. त्यानंतर हूवरने तिला टोळीची सूत्रधार म्हणून रंगवलं. मुलांच्या लुटीवर ती जगत होती, मान्य. पण दरोडे ती आखायची, हे कुठल्याही कोर्टात कधी सिद्ध झालं नाही. आणि मेलेली बाई खुलासा कुठून देणार?

तिच्या बाजूने बोलला तो त्याच टोळीतला अल्विन कार्पिस. 'नंबर वन' ठरलेल्या या चौघांपैकी जिवंत पकडला गेला तो एकटाच, १९३६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला. मोठी शिक्षा भोगून बाहेर आल्यावर त्याने स्पष्ट सांगितलं की मा बार्कर कसलेही बेत आखत नव्हती.